कायद्याने घडवलेलं इंजिन

पेट्रोल गाडीच्या पोटाखाली, इंजिनाकडून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीवर पोलादी पत्र्याचं एक फुगीर डबडं असतं. गॅरेजमध्ये त्याला ‘कॅटकॉन’ म्हणतात. पूर्ण नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार, भाजलेल्या मातीची वीट असते आणि जाळीच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर. गाडी पळवण्यासाठी या डबड्याचा काहीही उपयोग नाही. ते काढून टाकलं तरी गाडी चालते. कोणत्याही ग्राहकाने ते कधी मागितलं नव्हतं आणि कोणत्याही मोटार कंपनीने ते आपणहून बसवलं नव्हतं.

तरीही गेल्या पन्नास वर्षांत मोटारीच्या इंजिनात झालेले मोठे बदल याच डबड्याभोवती घडले. पेट्रोलमधलं शिसं गेलं, कार्ब्युरेटर गेला, बॉनेटखाली संगणक आला, डॅशबोर्डवर पिवळा दिवा आला. या सगळ्यांचा उगम शोधत मागे गेलं, तर वाट डेट्रॉइटच्या कारखान्यांत संपत नाही. ती एका शहराच्या हवेपाशी आणि एका कायद्यापाशी जाते.

लॉस एंजेलिसची हवा

२६ जुलै १९४३. दुसरं महायुद्ध चालू होतं. लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीवर त्या दिवशी दाट धुरकं उतरलं. लोकांचे डोळे झोंबू लागले, घसे खवखवू लागले, काही चौकांपलीकडचं दिसेना. जपानने विषारी वायू सोडला की काय, अशीही शंका लोकांना आली. मग संशय अ‍ॅलिसो स्ट्रीटवरच्या एका कारखान्यावर गेला. तिथे कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन तयार होत असे. लोकांच्या दबावामुळे तो काही काळ बंद ठेवला गेला. धुरकं मात्र येतच राहिलं.

लॉस एंजेलिस एका बाजूला समुद्र आणि उरलेल्या बाजूंना डोंगर अशा खोलगट भागात वसलं आहे. वर गरम हवेचा थर बसला की खालची हवा कोंडते. १९४७ मध्ये तिथल्या काउंटीने हवा प्रदूषण नियंत्रण जिल्हा स्थापन केला. लंडनच्या अनुभवावरून सगळ्यांना वाटत होतं की दोष गंधकाच्या धुराचा आहे. त्याप्रमाणे तेल शुद्धीकरण कारखाने आणि ओतशाळा यांच्यावर निर्बंध आले. गंधक कमी झालं, पण डोळ्यांची आग कमी झाली नाही. लंडन कोळसा जाळत होतं, तसा लॉस एंजेलिसमध्ये कोळसा जळत नव्हता. इथलं दुखणं वेगळं होतं.

ते ओळखलं एका रसायनशास्त्रज्ञाने. आरी हागेन-स्मिट मूळचे नेदरलँड्सचे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ते अननसाच्या वासाचा अभ्यास करत होते. फळातून हवेत उडणारे सूक्ष्म घटक थंड करून गोळा करायचे आणि त्यांची फोड करायची, हे त्यांचं काम. तीच पद्धत त्यांनी शहराच्या हवेला लावली. जे हाती आलं त्यावरून त्यांनी मांडणी केली : न जळलेल्या पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की त्यांच्यातून ओझोन आणि डोळ्यांना झोंबणारी इतर द्रव्यं तयार होतात. वाकवून ठेवलेल्या रबराच्या पट्टीला या हवेत भेगा पडतात, हे त्यांनी दाखवलं. याच हवेत ठेवलेल्या पालकासारख्या पिकांची पानं कशी करपतात, तेही दाखवलं. १९५२ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पेट्रोलची वाफ तेल कारखान्यांतून येत होतीच, पण तिचा मोठा उगम रस्त्यावर धावत होता.

तेल उद्योगाच्या पैशावर काम करणाऱ्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने या निष्कर्षावर शंका घेतली. हागेन-स्मिट यांनी उलट आपले प्रयोग वाढवले. मोटारीच्या इंजिनाचा पुढचा इतिहास या वादातून सुरू झाला, कारण आता दोषाला नाव मिळालं होतं.

‘उपाय नाही’ हे उत्तर

लॉस एंजेलिस काउंटीचे लोकनियुक्त पर्यवेक्षक केनेथ हान यांनी १९५३ पासून मोटार कंपन्यांच्या प्रमुखांना पत्रं लिहायला सुरुवात केली. त्यांचा साधा प्रश्न होता : तुमच्या गाड्यांचा धूर कमी करण्यासाठी तुम्ही काय करत आहात? फोर्डच्या कचेरीतून उत्तर आलं की गाडीतून निघणारी वाफ हवेत लगेच विरून जाते, तिच्यामुळे प्रदूषणाचा प्रश्न निर्माण होत नाही. हान पुढची अनेक वर्षं पत्रं लिहीत राहिले.

कंपन्यांनी एकत्र येऊन संशोधन करायचं ठरवलं. वरकरणी हे चांगलं पाऊल होतं. पण जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने मोटार उत्पादकांच्या संघटनेवर आणि चार मोठ्या कंपन्यांवर खटला भरला. या सहकार्याचा वापर प्रदूषण रोखणारी उपकरणं उशिरा यावीत यासाठी झाला, असा आरोप होता. कोणत्याही एका कंपनीने पुढे जायचं नाही, म्हणजे इतरांवर दबाव येणार नाही, अशी ही व्यवस्था. त्याच वर्षी दोन्ही बाजूंच्या संमतीने हुकूमनामा झाला आणि असं संगनमत पुढे करायला बंदी आली.

या काळात जे काही पुढे सरकलं ते कॅलिफोर्नियाने ढकललं म्हणून. १९६० मध्ये या राज्याने मोटारींच्या प्रदूषणासाठी स्वतंत्र मंडळ नेमलं. पहिला उपाय अगदी साधा निघाला. पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये निसटतो. तो नळीवाटे सरळ रस्त्यावर सोडला जात होता. १९६१ च्या कॅलिफोर्नियातल्या गाड्यांत एका झडपेच्या मदतीने तो पुन्हा इंजिनात जाळला जाऊ लागला. ही झडप आजही जवळपास प्रत्येक पेट्रोल इंजिनावर असते. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाने धुरावर मर्यादा घातली आणि १९६८ पासून ती देशभर लागू झाली. पुढे पेट्रोलच्या टाकीतून उडणारी वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबाही आला.

१९६७ मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट ठरली. मोटारींचे नियम केंद्र सरकार करणार, राज्यांनी करायचे नाहीत, असा कायदा झाला. मात्र कॅलिफोर्नियाची हवा आणि तिथलं आधीचं काम पाहून त्या एका राज्याला केंद्राच्या परवानगीने अधिक कडक नियम करण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्या सहीने कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड स्थापन झालं आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले हागेन-स्मिट. १९७७ मध्ये इतर राज्यांनाही कॅलिफोर्नियाचे नियम उचलण्याची परवानगी मिळाली. एवढी मोठी बाजारपेठ सोडणं कंपन्यांना परवडत नव्हतं. त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत ठरलेला आकडा डेट्रॉइट, टोकियो आणि श्टुटगार्टमधल्या आरेखनाच्या टेबलावर पोहोचू लागला.

आकडा आधी, यंत्र मागून

२२ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन झाला आणि लाखो लोक रस्त्यावर उतरले. मेन राज्याचे सिनेटर एडमंड मस्की यांनी त्या वर्षी एक विधेयक पुढे रेटलं. १९७५ पर्यंत गाडीच्या धुरातली न जळलेली हायड्रोकार्बनं आणि कार्बन मोनॉक्साइड ९० टक्क्यांनी कमी झाली पाहिजेत आणि १९७६ पर्यंत नायट्रोजनची ऑक्साइडंही ९० टक्क्यांनी कमी झाली पाहिजेत, असं ते सांगत होतं. ग्रॅमच्या भाषेत, एक मैल चालल्यावर हायड्रोकार्बन ०.४१ ग्रॅमपेक्षा जास्त नको. ३१ डिसेंबर १९७० रोजी अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी या कायद्यावर सही केली. अंमलबजावणीसाठी पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, त्याच महिन्यात सुरू झाली होती.

या कायद्याचं वेगळेपण समजून घेतलं पाहिजे. तोपर्यंतची रीत अशी की आज जे यंत्र उपलब्ध आहे ते पाहून नियम करायचा. मस्की यांच्या कायद्याने लोकांच्या आरोग्याला काय लागतं ते पाहून आकडा ठरवला. तो गाठणारं यंत्र तेव्हा बाजारात नव्हतं. ते कसं करायचं हेही कायद्याने सांगितलं नाही. कन्व्हर्टर लावा, इंजिन बदला, काहीही करा, पण आकडा गाठा.

डेट्रॉइटमधून इशारे आले की उत्पादन थांबवावं लागेल. प्रकरण न्यायालयात गेलं, १९७३ मध्ये ईपीएचे प्रशासक विल्यम रकल्सहाउस यांना मुदत वाढवून द्यावी लागली आणि मधल्या काळासाठी सैल मर्यादा ठरल्या. मूळ कायद्याचा हायड्रोकार्बनचा आकडा देशभर लागू व्हायला १९८० उजाडलं. मुदत हलली, पण हा आकडा हलला नाही. आज कारखान्यात काम सुरू केलं नाही तर उद्या गाडी विकता येणार नाही, ही खात्री अभियंत्यांना आणि त्यांच्या मालकांना पटली होती.

शिशाचा अडसर

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कल्पना नवी नव्हती. फ्रान्समधून अमेरिकेत आलेले अभियंते युजीन हूड्री यांनी कच्च्या तेलापासून पेट्रोल काढण्याची उत्प्रेरकाची पद्धत विकसित केली होती. लॉस एंजेलिसच्या धुरक्याच्या बातम्या वाचून त्यांनी गाडीच्या धुरासाठी कन्व्हर्टर तयार केला आणि १९५० च्या दशकात त्याचं पेटंटही मिळवलं. तो चालला नाही, कारण पेट्रोलमध्ये शिसं होतं. शिशाचा थर उत्प्रेरकावर बसला की काही दिवसांत तो निकामी होतो.

हे शिसं पेट्रोलमध्ये आलं होतं जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतून. १९२१ मध्ये तिथे थॉमस मिजली यांना आढळलं की टेट्राएथिल लेड मिसळलं तर इंजिनातली ठोक्यांसारखी खडखड थांबते. खडखड थांबली की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त दाबता येतं आणि ताकद वाढते. पुढची पन्नास वर्षं अमेरिकी इंजिनांची वाढ याच शिशावर झाली आणि ते मुलांच्या रक्तात जात राहिलं.

१९७० मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल यांनी तेल कंपन्यांना शिसेविरहित पेट्रोल आणा असं सांगितलं. कोल स्वतः अभियंते होते, शेवरलेचं १९५५ चं गाजलेलं व्ही-एट इंजिन त्यांच्या देखरेखीखाली झालं होतं. कन्व्हर्टरशिवाय कायद्याचा आकडा गाठता येणार नाही आणि शिसं असेपर्यंत कन्व्हर्टर टिकणार नाही, हे त्यांनी ओळखलं. १९७१ पासून जनरल मोटर्सने इंजिनातला दाब कमी केला, म्हणजे ती साध्या पेट्रोलवर चालतील. ईपीएच्या नियमानुसार १ जुलै १९७४ पासून मोठ्या पेट्रोल पंपांवर शिसेविरहित पेट्रोल ठेवणं बंधनकारक झालं. शिशाच्या पेट्रोलची नळी चुकून नव्या गाडीत जाऊ नये म्हणून नव्या गाड्यांच्या टाकीचं तोंड अरुंद केलं गेलं. ज्या कायद्याचं उद्दिष्ट धुरकं होतं, त्याने अशा रीतीने रक्तातलं शिसंही कमी केलं. १ जानेवारी १९९६ पासून अमेरिकेच्या रस्त्यांवरून ते पूर्ण हद्दपार झालं.

कन्व्हर्टरच्या आतली वीट बनवणंही सोपं नव्हतं. गाडी सुरू होताच काही सेकंदांत शेकडो अंशांनी तापणारी, खड्ड्यांत आदळली तरी न फुटणारी आणि धुराला अडथळा न करणारी जाळी हवी होती. कॉर्निंग कंपनीत रॉडनी बॅगली, अर्विन लॅकमन आणि रोनाल्ड लुइस यांनी कॉर्डिएराइट या पदार्थापासून ती तयार केली. ओली माती साच्यातून दाबून शेकडो चौकोनी वाहिन्या एकाच वेळी काढण्याचा साचा हे बॅगली यांचं कसब. १९७५ च्या बहुसंख्य अमेरिकी गाड्या कन्व्हर्टर घेऊन बाजारात आल्या.

त्याच सुमारास जपानमधून दुसरं उत्तर आलं. होंडा तोपर्यंत प्रामुख्याने मोटारसायकलींसाठी ओळखली जाई. तिच्या अभियंत्यांनी सिलिंडरच्या डोक्यावर एक छोटी खोली केली. तिथे पेट्रोल जास्त असलेलं मिश्रण आधी पेटतं आणि त्याची ज्वाळा खालच्या विरळ मिश्रणात शिरते. सीव्हीसीसी नावाच्या या इंजिनाने १९७२ च्या अखेरीस मिशिगनमधल्या ईपीएच्या प्रयोगशाळेत १९७५ ची मर्यादा कन्व्हर्टरशिवाय गाठून दाखवली. मग होंडाने एक शेवरले इम्पाला विकत घेतली, तिच्या मोठ्या व्ही-एटवर हीच युक्ती बसवली आणि तीही चाचणीत उतरवली. ‘अशक्य’ या शब्दाला यापेक्षा स्पष्ट उत्तर देता आलं नसतं.

संगणक बॉनेटखाली कसा आला

पहिल्या कन्व्हर्टरनी दोन प्रदूषकं जाळली, नायट्रोजनची ऑक्साइडं मात्र राहिली. एंगलहार्ड कंपनीत जॉन मूनी आणि कार्ल कीथ यांनी तिन्ही प्रदूषकं एकाच विटेत निकामी करणारा कन्व्हर्टर तयार केला. त्याची एक अट होती. १ किलो पेट्रोलमागे जवळजवळ नेमकी १४.७ किलो हवा हवी. हवा थोडी जास्त झाली की नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात, थोडी कमी झाली की कार्बन मोनॉक्साइड सुटतो.

कार्ब्युरेटरला हे साधणारं नव्हतं. जेट, फ्लोट आणि मेकॅनिकच्या स्क्रू-ड्रायव्हरवर चालणारं ते यंत्र ऋतू, उंची आणि वयाप्रमाणे बदलायचं. मग बॉश कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर आला. धुरात ऑक्सिजन किती उरला आहे ते तो मोजतो आणि विजेच्या दाबाने कळवतो. त्या इशाऱ्यावर पेट्रोलचं प्रमाण दर क्षणी दुरुस्त करायचं. कॅलिफोर्नियासाठी बनलेल्या १९७७ च्या व्होल्वो गाड्या ही जोडी घेऊन आल्या. १९८१ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या पेट्रोल गाड्यांत संगणकी नियंत्रण सरसकट आणलं. १९९० च्या आसपास अमेरिकेतल्या नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर दिसेनासा झाला.

पुढचा प्रश्न गाडी जुनी झाल्यावरचा होता. कारखान्यातून स्वच्छ निघालेली गाडी पाच वर्षांनी किती धूर सोडते? कॅलिफोर्नियाने सांगितलं की गाडीने स्वतःला तपासावं आणि बिघाड झाला तर दिवा लावावा. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारमध्ये एकाच पद्धतीची स्वयंतपासणी आणि स्टीअरिंगखाली १६ पिनांचं एकच जोडणीस्थान बंधनकारक झालं. ‘पी ०४२०’ हा कोड आला की कन्व्हर्टर थकला आहे, हे ओहायोतल्या मेकॅनिकलाही कळतं आणि हडपसरच्या मेकॅनिकलाही. तोवर प्रत्येक कंपनीची दुरुस्तीची भाषा वेगळी होती. ती एक झाली ती नियमामुळे.

या प्रवासात इंजिनाने किंमतही मोजली. १९७५ च्या शेवरले कॉर्व्हेटचं मूळ इंजिन ५.७ लिटरचं असूनही जेमतेम १६५ अश्वशक्तीचं होतं. त्या काळातले गाडीवेडे आजही तो काळ हळहळून आठवतात. पण ज्या सेन्सरनी आणि संगणकाने धूर आवरला, त्यांनीच पुढे प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवायला शिकवलं. २०२० च्या कॉर्व्हेटचं ६.२ लिटरचं इंजिन ४९० अश्वशक्ती देतं. ईपीएच्या मते १९७० च्या तुलनेत आजची नवी गाडी नेहमीच्या प्रदूषकांच्या बाबतीत सुमारे ९९ टक्के स्वच्छ आहे. ताकद आणि स्वच्छता यांच्यात एकच निवडावी लागते, ही समजूत खोटी ठरली.

कायद्यातली फट

नियम इंजिन घडवतो, तशी नियमातली फटही घडवते. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. त्यानंतर डिसेंबर १९७५ मध्ये अमेरिकेने प्रत्येक कंपनीच्या गाड्यांच्या सरासरी मायलेजवर किमान मर्यादा घातली. १९७८ साठी गॅलनमागे १८ मैल, १९८५ साठी २७.५ मैल, म्हणजे लिटरमागे सुमारे ११.७ किलोमीटर. गाड्या हलक्या झाल्या, पुढच्या चाकांना ताकद देणारी आडवी छोटी इंजिनं आली.

पण शेतकरी आणि कारागीर वापरतात म्हणून छोट्या ट्रकसाठी वेगळी, सैल मर्यादा ठेवली गेली. कंपन्यांनी कुटुंबासाठीच्या गाड्याच ट्रकच्या व्याख्येत बसवायला सुरुवात केली. क्रायस्लरची १९८४ ची मिनीव्हॅन कागदोपत्री ट्रक होती, एसयूव्हीही ट्रक. १९७५ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर पाच नव्या वाहनांपैकी चार सेडान किंवा स्टेशन वॅगन असत. आज ते प्रमाण सुमारे चारात एक आहे. लोकांच्या आवडीचा वाटा त्यात आहे, पण ती आवड वाढवणारा नफा व्याख्येतल्या फटीतून आला.

दुसरी फट चाचणीत होती. गाडी रोलरवर ठेवून ठरलेल्या वेगाने चालवायची आणि धूर मोजायचा, ही पद्धत सगळ्यांना माहीत होती. डिझेल इंजिनात हवा नेहमी जास्त असते, म्हणून तीन प्रदूषकांचा कन्व्हर्टर तिथे चालत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडं कमी करायला वेगळी, महागडी यंत्रणा लागते. फोक्सवॅगनने गाडीच्या संगणकात अशी आज्ञावली घातली की चाचणी चालू आहे हे ओळखून यंत्रणा पूर्ण चालायची आणि रस्त्यावर आल्यावर सैलावायची.

ही चोरी पकडली वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाने. डॅन कार्डर यांच्या केंद्रात अरविंद तिरुवेंगडम, हेमंत कप्पन्ना आणि मार्क बेश यांनी २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात धूर मोजणारं उपकरण गाडीच्या मागे बांधून प्रत्यक्ष रस्त्यावर गाड्या चालवल्या. फोक्सवॅगनच्या जेट्टा गाडीच्या धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडं मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाली. कॅलिफोर्नियाच्या बोर्डाने एल मॉन्टेच्या प्रयोगशाळेत पाठपुरावा केला. त्या प्रयोगशाळेला नाव होतं हागेन-स्मिट यांचं. १८ सप्टेंबर २०१५ रोजी ईपीएने नोटीस काढली. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही आज्ञावली होती, हे कंपनीने मान्य केलं.

पुण्याच्या टेकडीपर्यंत

या वंशवेलीची एक फांदी आपल्याकडे आली आहे. आपले भारत स्टेज नियम युरोपच्या साच्यावर बेतले आहेत आणि युरोपनेही कन्व्हर्टरचा आणि शिसेविरहित पेट्रोलचा मार्ग अमेरिकेनंतर धरला. एप्रिल १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि २००० मध्ये देशातून शिशाचं पेट्रोल गेलं. त्याच सुमारास दुचाकींच्या मर्यादा कडक झाल्या आणि आकुर्डीच्या बजाजसारख्या कंपन्या टू-स्ट्रोकवरून फोर-स्ट्रोककडे वळल्या. पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घेणं आणि चौकात निळसर धूर झेलणं, हे एका पिढीचं रोजचं जगणं त्यामुळे संपलं.

इंजिन कायद्याच्या मापाने शिवलं जातं, याची उदाहरणं महाराष्ट्राने फार जवळून पाहिली आहेत. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा लहान आणि पेट्रोलवर १२०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांचा कर कमी झाला. २००८ मध्ये टाटाने इंडिगोची लांबी कापून चार मीटरच्या आत आणली आणि पुढे अख्ख्या देशाची बाजारपेठ त्या मापाची झाली. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली, तेव्हा पुढच्याच महिन्यात महिंद्रने स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० साठी १.९९ लिटरचं इंजिन आणलं. १ एप्रिल २०२० रोजी देशाने भारत स्टेज पाच वगळून थेट सहा गाठला. छोट्या डिझेलवर धूर गाळणारी महागडी यंत्रणा बसवणं परवडेना. रांजणगावला बनणारं फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन, ज्यावर एकेकाळी निम्मी बाजारपेठ चालायची असं वाटे, ते तिथेच थांबलं.

पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था गाड्यांची चाचणी करते. फोक्सवॅगनच्या भारतातल्या गाड्यांची तपासणी तिथेच झाली आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने इथल्या ३ लाख २३ हजारांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचं जाहीर केलं. १ एप्रिल २०२३ पासून भारतातही धूर प्रत्यक्ष रस्त्यावर मोजण्याचा नियम आला. वेस्ट व्हर्जिनियाच्या संशोधकांनी जी पद्धत वापरली, ती आता आपल्या कायद्यात आहे.

अमेरिकेत मात्र हे सगळं उलट दिशेने जाताना दिसतं आहे. २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कार्बन डायऑक्साइडही प्रदूषक आहे असा निकाल दिला आणि २००९ मध्ये ईपीएने तो आरोग्याला घातक ठरवला. जुलै २०२५ मध्ये त्याच ईपीएने हा निष्कर्ष मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. त्याआधी जून महिन्यात पेट्रोल गाड्यांची विक्री टप्प्याटप्प्याने थांबवण्यासाठी कॅलिफोर्नियाला मिळालेली मुभा काढून घेतली गेली आणि जुलैत मायलेजची मर्यादा मोडल्याचा दंड शून्यावर आणला गेला. मर्यादा कागदावर आहे, पण ती मोडण्याची किंमत नाही. या इतिहासाचा अनुभव सांगतो की अशा वेळी इंजिन सुधारत नाही, फट शोधली जाते.

मोटार उद्योगात हुशारीची कमतरता कधीच नव्हती. ती हुशारी कुठे लावायची, हे दर वेळी नियमाने ठरवलं. आकडा स्पष्ट, मुदत ठाम आणि मोजणी प्रामाणिक असेल तर अभियंते अशक्य वाटणारं करून दाखवतात. यातली एक गोष्ट ढिली पडली की तेच अभियंते पळवाट बांधतात. म्हणून हवा स्वच्छ हवी असेल तर लक्ष या तीन गोष्टींवर ठेवायला हवं.

आपल्या हातातही यातला काही भाग आहे. गाडीचा धूर प्रत्यक्ष न मोजता मिळणारं पीयूसीचं प्रमाणपत्र घेऊ नका. आवाज किंवा पिकअप वाढवण्यासाठी कॅटकॉन काढू देऊ नका. आणि रस्ते वाहतूक मंत्रालय नव्या नियमाचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती मागवतं, तेव्हा कंपन्यांचं म्हणणं तिथे हमखास पोहोचतं. ती हवा ज्यांच्या छातीत जाते, त्यांचं म्हणणंही त्या मुदतीत पोहोचलं पाहिजे. केनेथ हान यांनी केलं ते एवढंच होतं : त्यांनी लिहिलं, आणि उत्तर पटलं नाही तेव्हा पुन्हा लिहिलं.